वाऱ्याच्या वरच्या अंगाला

बाजारात भरताच्या हिरव्या वांग्यांचे ढीग लागले, तुरीच्या शेंगांची पोती रस्त्याकडेला रिकामी होऊ लागली, शाळेत जाणारी पोरं कानटोप्यांतून नुसती नाकं बाहेर काढून चालू लागली, की वर्ध्यात हिवाळा आला असं समजावं. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या आमच्या जिल्ह्याला हे दोन-अडीच महिने बक्षिसासारखे मिळतात. हवा कोरडी आणि हलकी. ऊन अंगावर ओढून घ्यावंसं वाटणारं. आणि दिवस कलायच्या आत कुठून ना कुठून येणारा धुराचा वास, गोवऱ्यांचा, पऱ्हाटीचा. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. हा वास न आवडणारा माणूस आमच्या भागात मी पाहिलेला नाही. मलाही आवडतो. फक्त तो आला की मी आधी वारा कुठल्या बाजूचा आहे ते पाहते.

परवा ऑफिसातल्या चौघीजणी कारंज्याकडे एका लग्नाला गेलो होतो. परतताना हायवेवरच्या एका ढाब्यावर थांबलो. बाहेर मोठी पाटी होती, ‘चुलीवरचं जेवण’. भाकरी खरंच सुरेख होती. बाकीच्या वाहवा करत होत्या आणि मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेले. टिनाच्या आडोशात तीन चुली पेटलेल्या आणि त्यांच्यामागे चाळिशीची एक बाई. पदर तोंडावर धरून ती खोकली, खोकला थांबल्यावर तोच हात पुसून पुन्हा भाकरी थापू लागली.

मी म्हणाले, “ताई, त्या अंगाला बसा ना. वाऱ्याच्या वरच्या अंगाला. धूर तोंडावर येणार नाही.”

ती हसली. “वारा काय एका जागी राह्यते का बाई?”

खरं होतं. वारा एका जागी राहत नाही, हे माझ्याइतकं तर कुणाला ठाऊक नसेल. वडनेरच्या शेतात एका हिवाळ्यात आम्ही वाऱ्याच्या मागे आईची बाज घेऊन फिरलो होतो.

*

वडनेरच्या आमच्या घरी स्वयंपाकघराला एकच झरोका होता आणि तो गोठ्यात उघडायचा. त्यामुळे धुराला बाहेर जायची वाट नव्हती. तो आधी आढ्याला जाऊन लागायचा, मग हळूहळू खाली उतरायचा, आणि आम्ही भावंडं त्याच्याखाली, जमिनीलगत बसून जेवायचो. आई मात्र चुलीपाशी, त्याच्या पोटात. पऱ्हाटीच्या काड्या मोडून ती चुलीत सारायची, फुंकणी ओठांना लावून गाल फुगवायची, जाळ भडकला की तिचा चेहरा तांबूस दिसायचा. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, पण ते रडणं नव्हे म्हणून आमचं तिकडे लक्ष नसे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी घरात गॅस आणला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, त्यावर चहा केला, आणि भाकरीसाठी पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. गॅसवरच्या भाकरीला चव नसते, असं तिचं म्हणणं. खरं सांगायचं तर ते आमचंही म्हणणं होतं. एकदा तिनं गॅसवर भाकरी केली तेव्हा मी ताट बाजूला सारलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, लहान नव्हते. तिनं दुसऱ्या दिवशी काही न बोलता चूल पेटवली.

आणि हिवाळ्यात रोडगे. तूर कापणीला आली की शेतात एक दिवस रोडग्यांचं जेवण असायचं. घरची, शेजारची, शेतावर काम करणारी अशी साठ-सत्तर माणसं. कणीक घट्ट मळायची, लहान लहान पोळ्या एकावर एक ठेवून मोठ्या पोळीत गुंडाळायच्या, त्याचे नारळाएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचे. वरून खरपूस, आत पापुद्रे सुटलेले. फोडून त्यात तूप, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हे काम आईचं. तिथं ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. कमलकाकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, वर्षानुवर्षं फक्त गोवऱ्या आणून द्यायची आणि ताटं मांडायची. साठ माणसं “वहिनी, वा” म्हणत जेवायची आणि काकू घागरीतून पाणी वाढायची. दोघी जावा भांडल्याचं मला आठवत नाही. पण त्या एकमेकींशी कामापलीकडे बोलल्याचंही आठवत नाही.

*

आईचा खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. तो थंडीचा खोकला होता. मग थंडी गेल्यावरही राहू लागला. विहिरीवरून येताना ती मधल्या कडुनिंबाखाली थांबू लागली. मग गोठ्यापाशी. मग दारातच. बाबा निवृत्त झाले, मला वर्ध्याला जिल्हा परिषदेत नोकरी लागली होती, म्हणून आम्ही वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेला छोटं घर घेतलं आणि आईला दवाखान्याजवळ आणलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बिडी ओढता?”

आईला राग आला. “मी काऊन ओढू बिडी?”

“स्वयंपाक कशावर करता?”

“चुलीवर. गॅस हाय घरी, पण च्यापुरता.”

“किती वर्षं झाली?”

आई बोटांवर मोजू लागली. “नऊ वर्षाची होती. माय बाळंत झालती तवा पयल्यांदा चुलीपाशी बसली.” तिला तेव्हा छप्पन्न पुरी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा कागदावर लिहिला आणि पेन खाली ठेवलं. “मग चाळीस-पन्नास वर्षं बिडी ओढल्यासारखंच आहे, मावशी.”

बाबा बाहेरच्या बाकावर येऊन बसले. खिशातलं बंडल काढलं, काड्यापेटी काढली, दोन्ही हातात धरून बराच वेळ बसले. “बिडी मी पेली,” ते म्हणाले, “आन् दम हिचा गेला.” बंडल त्यांनी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्याविषयी पुढे ते कधीच बोलले नाहीत.

रोगाचं नाव सीओपीडी. वडनेरला कमलकाकूच्या तोंडी त्याचं ‘शिवपीडा’ झालं आणि आमच्या घरातही तेच रुळलं. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण आहे ते सांभाळता येतं, एवढं आम्हाला कळलं. पुढच्या पावसाळ्यात आई एकदा फारच आजारी पडली आणि दवाखान्यातून घरी आली ती ऑक्सिजन घेऊनच. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन घरात आलं, तेव्हा गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन गेल्या. आवाज खाली, पदर सावरलेले. आई त्या गेल्यावर म्हणाली, “ह्या मले पाहाले येऊन राह्यल्या, का मशीनले?” पण तीही घाबरली होती. आम्ही सगळेच घाबरलो होतो. ऑक्सिजन लागला म्हणजे माणूस संपला, असंच आजवर ऐकलेलं.

ते पहिलं वर्ष आठवलं की मला मशीनचा आवाजच आठवतो. गिरणी दूर कुठेतरी चालू असावी तशी गुरगुर आणि पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे. आम्ही घरात पायांचा आवाज न करता वावरायचो. वीज जायच्या वेळा बाबांनी भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. वीज गेली की मशीन टीं टीं करायचं आणि आम्ही दोघं सिलिंडरकडे धावायचो. आई आमच्याकडे अपराध्यासारखी बघायची. कुणी नातेवाईक आला की म्हणायचा, “थोडा वाढवून द्या ना, आराम पडन.” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या रोगात जास्त ऑक्सिजनही बाधतो, लावलेला काटा हलवायचा नाही. म्हणून बाबा मशीनच्या बटणाची राखण करत तिथंच खुर्ची टाकून बसायचे.

दिवस पालटले ते हळूहळू. बाबांनी दवाखान्यातून लांब नळी आणली. ती पलंगापासून न्हाणीपर्यंत पुरायची, ओसरीच्या पायरीपर्यंत पुरायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत नाही, कारण आत शेगडी, आणि ऑक्सिजनपाशी जाळ नको. देवासमोरचा दिवा बाबांनी अंगणातल्या तुळशीपाशी हलवला आणि रोज संध्याकाळी तो ते स्वतः लावू लागले. आईनं आयुष्यात नवऱ्याला दिवा लावताना पाहिलं नव्हतं. ती पायरीवर बसून वातीबद्दल सूचना द्यायची.

न्हाणीपर्यंत चालताना तिला दोनदा थांबावं लागायचं. थांबायची तिला लाज वाटायची. बाबांनी त्या थांब्यांना वर्धा-वडनेर एसटीच्या वाटेवरची नावं दिली. पलंगाजवळची खिडकी म्हणजे वायगाव, कपाट म्हणजे हिंगणघाट, आणि न्हाणीचं दार म्हणजे वडनेर. “वायगाव आलं, दोन मिनिट गाडी थांबन,” असं म्हणून ते खरंच घड्याळात पाहायचे. मग भिंतीवर टकटक करायचे, आणि आई पुढे निघायची. दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, ती सांगायची, दम लागला तर घाबरायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठ आवळून हळूहळू सोडायचा. आईला ते आठवडाभर जमेना. मग एक दिवस ती त्या मुलीला म्हणाली, “हे तं चूल फुंकनं होय. तसं सांगतलं असतं तं पयल्याच दिसी जमलं असतं.”

*

दुसऱ्या हिवाळ्यात वडनेरहून कमलकाकूचा फोन आला. यंदा रोडगे करतो आहोत, दोन वर्षं राहिले, लोक विचारतात. फोन मीच घेतला होता. आईनं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

“मी येतो म्हना,” ती म्हणाली.

“आई, तिथं धूर असतो.”

“मी दूर बसीन.”

“ऑक्सिजन आणि विस्तव जवळ चालत नाही. आणि दम लागला तर?”

“दम तं इथंबी लागते.”

मी पुष्कळ बोलले. ऑक्सिजन लागला त्या पावसाळ्यात काय झालं होतं तेही बोलले, जे बोलायला नको होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग श्वास जुळवून, थांबत थांबत म्हणाली, “नंदा, तुमी मले जितं ठेवाले लय करता. पण कायच्यासाठी जितं राह्याचं, ते एखांद्या दिसी मले ठरवू दे.”

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्या नाही म्हणतील या आशेनं. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या.” आणि अटी सांगितल्या. विस्तवापासून लांब, धुराच्या उलट्या बाजूला, दुपार टळायच्या आत परत. बाबांनी दोन दिवस तयारी केली. छोटा सिलिंडर आईच्या काट्यावर किती वेळ पुरतो हे त्यांनी घड्याळ मांडीवर घेऊन, शेजारी बसून मोजलं. साडेपाच तास. म्हणून त्यांनी तीन सिलिंडर घेतले. ऑक्सिजनपाशी तेल-तूपही पेट घेऊ शकतं, तसला हात सिलिंडर उघडायच्या किल्लीला लागता कामा नये म्हणून ती स्वतःच्या गळ्यात दोऱ्यानं बांधली. कमांडर जीप ठरवली. आईनं जांभळं नऊवारी नेसलं आणि नळीवरून पदर घेतला.

*

शेतात पोचलो तेव्हा गोवऱ्यांची रास रचून तयार होती, पण पेटवलेली नव्हती. काका, काकू आणि सगळे वाट पाहत होते. बाबांनी आधी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी काठीला बांधून बांधावर रोवली. चिंधी हिंगणघाटच्या दिशेला फडफडत होती. मग पन्नास पावलं मोजून त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली बाज टाकायला लावली. आई बाजेवर बसली, सिलिंडर बाजूला उभा, भोवती तुरीचं पिवळट हिरवं शेत. तिनं तोंड वर करून ऊन घेतलं. तिचे ओठ त्या दिवशी मला पहिल्यांदा निळसर दिसले नाहीत. कदाचित मी पाहायचं विसरले असेन.

रोडगे काकू करणार होती. कणीक मळताना ती सारखी आंब्याकडे पाहत होती. सत्तर माणसांचं जेवण, आणि समोर बाई बसलेल्या. ती आईला बाईच म्हणायची. आईला ओरडून सांगता येत नव्हतं. म्हणून मी मधे उभी राहून निरोप पोचवू लागले.

“कनीक अजून घट्ट पायजे म्हना.”

“काकू, कणीक घट्ट.”

“आता विस्तव मोडजो म्हना. जाळ नाई पायजे, निखारा पायजे.”

पाचव्या-सहाव्या निरोपानंतर काकू कणकेचे हात घेऊन स्वतःच चालत आली. “बाई, हे पोरगी मधातून अर्धं सांगते. मलेच सांगा.” मग ती पन्नास पावलं येत राहिली आणि जात राहिली. पहिले रोडगे विस्तवात गेले. अर्ध्या तासानं तिनं एक बाहेर काढला, फडक्यानं राख पुसली, बाबांनी त्याला कुठे ठिणगी चिकटली नाही ना ते फिरवून फिरवून पाहिलं, थोडा निवू दिला, आणि ताटलीत घालून तो आईपुढे आला. आईनं रोडगा कानाशी नेला आणि टिचकी मारली.

“कच्चा हाय. अजून दहा मिनिट.”

काकू पुढे वाकली. “तुमी हे टिचकी मारून पाहाता? मले वाटे, तुमी कानाशी नेऊन मंत्र टाकता काई. तीस वर्षं झाली मी पाहून राह्यली.”

“इचारलं काऊन नाई मंग?”

“तुमी सांगतलं असतं का?”

आई खरं बोलली. “नसतं सांगतलं. सांगतलं असतं तं माह्यापाशी काय राह्यलं असतं?” मग तिनं काकूचा हात धरून खाली बसवलं, रोडगा तिच्या कानाशी धरला आणि टिचकी मारली. “आयक. भद् वाजते. शिजला म्हंजे मडक्यासारखा वाजन.”

याच वेळी वारा फिरला. चिंधी आधी लोंबली आणि मग आमच्याकडे तोंड करून उठली. सगळा धूर सरळ आंब्याकडे चालत आला. आईनं पदर तोंडावर घेतला पण खोकल्याची उबळ आलीच, एकामागून एक, थांबेना. बाबांनी काटा पाहिला, हलवला नाही. मी रडकुंडीला येऊन जीपवाल्याला हाक मारली. पण त्याआधीच काका आणि तिघं गडी धावत आले, बाजेचे चार खूर उचलले, बाबांनी सिलिंडर उचलून नळीच्या मापानं सोबत चालायला सुरुवात केली, आणि आई बाजेवर बसल्या बसल्या शेताला अर्धा वळसा घालून पलीकडच्या बांधावर पोचली.

काकू तिच्यासमोर उकिडवी बसली. “बाई, फुंका. चूल फुंका. माह्याकडे पाहून.” आणि तिनं स्वतः ओठ आवळले. एक श्वास घ्यायची, लांब सोडायची, आईनं तसंच करायचं. असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. दोघींचे गाल एकाच लयीत भरत होते आणि रिकामे होत होते. हळूहळू आईचे खांदे खाली आले.

बोलता येऊ लागल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते घाम पुसत उभ्या असलेल्या त्या चौघांना. “चाला. चार जनाईचा खांदा जितेपनीच भेटून गेला.”

आधी काका हसले, मग गडी, आणि मग सगळं शेत. त्या दुपारी वारा आणखी दोनदा फिरला आणि दोन्ही वेळा बाज उठली. तिसऱ्यांदा तर लहान पोरं आधीच चिंधीवर नजर ठेवून होती आणि ‘फिरला, फिरला’ करत सांगायला आली.

*

रोडगे मडक्यासारखे वाजले. लोक जेवले. “कमल, वा,” असं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते आईनंही ऐकलं. तिनं मान हलवली. मग काकू तिचं ताट घेऊन आली. आई रोडगा फोडणार तेवढ्यात काकू पाठ वळवून खोकली. थोडंसंच, कोरडं.

आईचा हात थांबला. “कमल, हा खोकला कवापासून हाय?”

“थंडीचा हाय बाई.”

“मांगच्या थंडीतबी होता?”

काकूनं ताट आईकडे सरकवलं.

“सकाळी उठल्याबरोबर येते? झाडतानी दम लागते?”

“वय झालं आता.”

“माह्याऊन अकरा वर्षानं लहान हायेस तू. तुह्यं कोन्तं वय झालं? मीबी थंडीचाच म्हनत होती. सात वर्षं म्हनत होती.” आईनं ताट बाजूला ठेवलं आणि काकांना बोलावलं. “भाऊजी, येत्या सोमवारी हिले घेऊन वर्ध्याले येजा. तपासून घेऊ.”

काका म्हणाले, “तूर काढून झाली की येतो ना वहिनी.”

“मंग मीबी तूर काढून झाली की जेवीन.”

दोन वर्षांनी हाताशी आलेला रोडगा समोर निवत होता. तूप गोठायला लागलं. काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबा आभाळाकडे पाहत होते. शेवटी काका म्हणाले, “सोमवारी आनतो. जेवा आता.”

आई जेवली. पाऊण रोडगा खाल्ला. पोट भरलं की तिला श्वास घ्यायला जड जायचं म्हणून एरवी ती चिमणीसारखं खायची.

*

सोमवारी काकू आली. दवाखान्यात एका नळीत जोरानं फुंकायचं असतं, त्यावरून फुप्फुसाची ताकद कळते. काकू बावरली होती. आई आपली नळी आणि सिलिंडर घेऊन शेजारी बसली होती. “फुंक, चूल इझून राह्यली समज,” ती म्हणाली. तपासणारी मुलगी हसायला लागली आणि काकूला ते पुन्हा करावं लागलं. रोग लागला होता, पण थोडा. धूर सोडला तर पुष्कळ वेळ हातात आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काकू माझ्या आईसारखी हट्टी नव्हती, किंवा तिच्यासमोर माझी आई होती. तिनं त्याच महिन्यात सगळा स्वयंपाक गॅसवर नेला. काकांनी गोठ्याकडची भिंत फोडून मोठी खिडकी बसवली. भाकरीला चव नाही अशी कुरकुर त्यांनी आठेक दिवस केली. ती आईच्या कानावर गेली. तिनं बाबांकरवी निरोप धाडला, “चव पायजे असन तं तुमी बसा म्हना चुलीपाशी.”

मला मात्र त्या निरोपाचा अर्धा भाग आपल्यालाच आहे असं वाटलं. मी सारलेलं ताट आईला आठवत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. एकदा विचारायला गेले होते. तिनं माझ्या हातात शेंगांचं सूप दिलं आणि म्हणाली, “सोल.”

काकू दर महिन्याला तपासायला यायची आणि एक-दोन दिवस राहायची. त्या हिवाळ्यांची मला फार ओढ आहे. ओसरीच्या पायरीवर सकाळचं ऊन उतरायचं, दोघी पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या, आणि बोलायच्या. तीस वर्षांचं साचलेलं. सासूबद्दल, माहेराबद्दल, कुणाच्या लग्नात कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं त्याबद्दल. आत मशीन गुरगुरत असायचं आणि आता ते कुणाला ऐकू येत नसे. आई दोन वाक्यांमध्ये थांबायची, श्वास घ्यायची. काकू तेवढा वेळ थांबायची, मधे बोलायची नाही. वीज गेली आणि मशीन ओरडलं तरी बाबा सावकाश उठायचे, सिलिंडर जोडायचे, आणि आई म्हणायची, “तं मी काय सांगत होती?” आणि गोष्ट पुढे चालू. मी ऑफिसला निघताना मागे वळून पाहायचे तेव्हा त्या दोघी हसत असायच्या. कशाला, ते विचारायला कधी वेळ झाला नाही.

आई आणखी पाच हिवाळे होती. शेवटचा आजार पंधरा दिवसांचा झाला. काकू ते पंधराही दिवस तिच्या उशाशी होती. ती आजही आहे, सकाळी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालून येते, आणि रोडगे आता तिच्या सुना करतात.

आई गेल्यावर मशीन महिनाभर कोपऱ्यात चादर घालून ठेवलं होतं. मग दोन गल्ल्या सोडून एका घरी तसंच काम पडलं. कारंज्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई मुलाकडे आल्या होत्या, त्यांना दवाखान्यातून ऑक्सिजन लिहून दिला होता. बाबांनी मशीन हातगाडीवर घालून स्वतः नेलं. मी सोबत होते. त्यांनी नळी जोडून दिली, पाण्याची बाटली कुठवर भरायची ते दाखवलं, शेगडीपासून पलंग किती लांब ते पावलांनी मोजलं, नातेवाइकांनी कितीही सांगितलं तरी काटा हलवायचा नाही असं बजावलं. म्हाताऱ्या बाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

निघताना त्यांची सून दाराबाहेर आली. आवाज अगदी खाली आणून तिनं विचारलं, “काकाजी, हे लागल्यावर मानूस किती दिवस राह्यते?”

बाबा पायरीवर थांबले.

“आमच्या घरी सात हिवाळे झाले,” ते म्हणाले. “त्यातलं पयलं वर्ष आमी नुसतं भेऊन काढलं. तेवढं वाया गेलं. तुमी नका घालवजा.”

मग त्यांनी चपला घातल्या. “उद्या येतो पाहाले,” ते म्हणाले, “च्या ठेवजा. आन् माय उठून बसली असन तं तिच्यासंगच पेईन.”